पश्चिमेच्या नावावर

बाई आल्या तेव्हा वहिनी भाऊजींच्या शर्टाचं बटण लावत होत्या. गुंते सोडवणाऱ्या वहिनी इथेच राहतात का, असं बाईंनी दारातूनच विचारलं. भाऊजींनी आधी मान डोलावली, मग लक्षात येऊन वहिनींकडे बोट दाखवलं.

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली होती. वहिनींची सगळी नोकरी एका विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासण्यात गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर लोक आपणहून त्यांच्याकडे येऊ लागले होते. भाऊजी सोबतीला जात, पिशवी धरत, आणि समोर जे दिसेल ते जसंच्या तसं खरं मानत. वहिनींना त्याचा फार उपयोग होई.

"माझ्या नवऱ्याला पोलिसांनी धरलंय," बाई म्हणाल्या. "त्यांनी काही केलेलं नाही. तुमच्याकडे येणारे सगळेच असं म्हणत असतील."

"सगळे नाही म्हणत. काहींना स्वतःलाच खात्री नसते. बसा."

बाईंना खात्री होती. त्यांनी सगळं नीट क्रमाने सांगितलं.

एकाच मालकाच्या तीन इमारती शेजारी शेजारी उभ्या होत्या: पूर्वेची, मधली आणि पश्चिमेची. तिन्हींची तळघरं एका लांब बोळाने जोडलेली. प्रत्येक इमारतीला एक मॅनेजर आणि त्याच्या हाताखाली प्लंबर, वायरमन, झाडूवाले अशी माणसं. बाईंचा नवरा पश्चिमेचा मॅनेजर होता. वर्षभरापूर्वी मालकांच्या मनात आलं की, कोणती इमारत सर्वांत चांगली चालते ते एकदा मोजून बघावं. त्यासाठी त्यांनी एक बाई नेमली. तिला सगळे मोजणीबाई म्हणत. तक्रारी किती, कचऱ्याचं वजन किती, पाणी किती, अपघात किती, पंखे किती वेळ बंद पडले, हे सगळं ती मोजायची आणि दर महिन्याला नंबर लावायची. पूर्वेचा कायम पहिला. पश्चिमेचा कायम शेवटचा. आता मालकांनी जाहीर केलं होतं की या महिनाअखेरीस जो शेवटचा येईल त्याची सगळी माणसं घरी जातील आणि ती इमारत पहिल्याच्या ताब्यात जाईल.

"यांनी एके दुपारी मोजणीबाईंशी भांडण केलं," बाई म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. ही तुलना आता मी संपवतो, असं म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्या इमारतीच्या तळघरात मेलेल्या सापडल्या. पंख्याच्या खोलीत, शिडीच्या पायथ्याशी."

"शिडीवरून पडल्या असतील," भाऊजी म्हणाले.

"आम्हीही तेच म्हटलं. पण डोक्याला एवढी मोठी जखम, आणि फरशीवर रक्त जेमतेम. म्हणून पोलीस म्हणतात, दुसरीकडे मारून इथे आणून टाकलं. आणि त्या संध्याकाळी इमारतीत उशिरापर्यंत एकटे हेच होते."

"का थांबले होते?"

"चौथ्या मजल्यावर नळ गळत होता. प्लंबर घरी गेला होता. तक्रार शिल्लक ठेवून यांना झोप येत नाही." बाईंनी पदराच्या टोकाने चष्मा पुसला. "त्याच स्वभावाने घात केला."

वहिनींनी दोऱ्याला गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि शर्ट भाऊजींच्या हातात दिला.

"घाला. निघायचंय."

---

कोठडीतला माणूस उंच होता आणि वाकून बसला होता. आपल्याला सोडवा, असं तो एकदाही म्हणाला नाही. महिना संपायला थोडे दिवस राहिलेत, आपल्या दहाबारा माणसांचं काय होणार, एवढंच पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

भांडण कशावरून झालं ते त्याने सांगितलं. त्याच्या इमारतीत दवाखाने, पूर्वेच्या इमारतीत कागद हलवणारी ऑफिसं. दवाखान्याला लागणारं पाणी आणि कारकुनाला लागणारं पाणी एकाच मापाने कसं मोजता, असं तो म्हणाला होता. शिवाय तो लोकांना सांगायचा की बारीकसारीक असलं तरी कळवा, म्हणून त्याच्याकडे तक्रारींचा ढीग. आणि कचऱ्याचं तर त्याला कोडंच पडलं होतं. इमारतीत माणसं जितकी, त्या मानाने कचरा फारच जास्त भरत होता.

"मोजणीबाई काय म्हणाल्या?"

"काहीच नाही. गळ्यातल्या पिवळ्या स्कार्फशी चाळा करत ऐकत राहिल्या. त्यांना धुळीचा त्रास होता, स्कार्फ सतत नाकावर ओढायच्या. मला वाटलं, ही बाई दगड आहे. जाताना मात्र म्हणाल्या, तुमची कचऱ्याची खोली बघते."

बाहेर फौजदार भेटले. ते थकलेले, पण सरळ गृहस्थ होते. मोजणीबाईंच्या अंगावर काय काय सापडलं, ते त्यांनी तोंडीच सांगितलं: मोजपट्टी, टॉर्च, किल्ल्या, पाकीट. पाठीला आणि केसांना करड्या धुळीचा जाड थर. पंख्याच्या खोलीत धूळ असायचीच, असं ते म्हणाले.

"डॉक्टर काय म्हणतात?"

फौजदारांनी नजर वळवली. "पडल्यावर किंवा मार बसल्यावर ती लगेच गेली नाही. बराच वेळ जिवंत होती. वेळेवर कोणी नेलं असतं तर वाचली असती."

परतताना भाऊजींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग म्हणाले की त्यांना या कामात हेच नको वाटतं.

---

पश्चिमेची इमारत जुनी होती. लॉबीत मोठी पाटी टांगली होती आणि तिच्यावर खडूने तक्रारींचा आकडा लिहिला होता. आकडा एवढा मोठा होता की आत येणारी माणसं तो वाचून भिंतींकडे संशयाने बघत.

प्लंबरने त्यांना तळघरात नेलं. पंख्याची खोली लहान, पण नीटनेटकी होती. पत्र्याची मोठी पेटी, आत पंखा, आणि पेटीला उंचावर एक दार. हवा गाळणाऱ्या जाळ्या साफ करायच्या तर शिडी चढून त्या दाराने आत जायचं. दवाखान्यातल्या एका नर्सने कुबट वासाची तक्रार केली म्हणून मोजणीबाई जाण्याच्या आदल्याच आठवड्यात जाळ्या आणि खोली धुतल्याचं प्लंबर म्हणाला. भाऊजी शिडी चढले आणि एका बोटाने दार उघडून आत डोकावले.

"काही नाही. लख्ख आहे," ते वरून म्हणाले.

वहिनींनी शिडीमागच्या फरशीवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. मग कचऱ्याची खोली बघायला मागितली.

तिथे पोत्यांची रास होती. एक पोतं फुटलं होतं आणि त्यातून लाल पट्ट्याचे कागदी कप सांडले होते. तुमच्याकडे चहा कशातून पितात, असं वहिनींनी विचारलं. प्लंबर म्हणाला, स्टीलच्या पेल्यातून. कागदी कप आले तर मॅनेजरसाहेब जीव घेतील. मग त्याच्या लक्षात आलं की हा शब्द आत्ता बरा नाही, आणि तो ओशाळला.

"मोजणीबाई त्या दिवशी इथे आल्या होत्या?"

आल्या होत्या. एक कप उचलून बराच वेळ बघत उभ्या राहिल्या आणि मग बोळाच्या दिशेने चालू लागल्या. प्लंबरने त्यांना पाहिलं ते शेवटचं.

---

मधल्या इमारतीच्या मॅनेजरबाईंचा एक गाल सुजलेला होता. त्या संध्याकाळी त्या दात काढायला गेल्या होत्या आणि डॉक्टरने अर्धाच काढला, असं त्यांचं म्हणणं होतं. पोलिसांनी दातांच्या डॉक्टरलाही विचारलं होतं.

"माझ्यावर संशय घ्या, मला बरं वाटेल," त्या म्हणाल्या. "वर्षभरात कोणी काही विचारायला आलेलं नाही. तीन भावंडांतल्या मधल्यासारखं आहे माझं."

त्यांच्या इमारतीचा पंखा गच्चीवर होता. तळघरात नुसते पंप होते, आणि ती खोली महिनोन्महिने ओली असे. पूर्वेबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी दुखरा गाल धरून हसायचा प्रयत्न केला.

"पूर्वेला तक्रारी शून्य असतात, माहिताय का? तक्रार नोंदवायची खिडकी जेवणाच्या सुट्टीतच उघडते. आणि खिडकीतला माणूस तेव्हा जेवायला गेलेला असतो."

"मोजणीबाईंना हे ठाऊक होतं?"

"त्यांना आकडे ठाऊक होते. त्या दुपारी मात्र मला बोळात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, वर्षभर मला जे सांगितलं तेच मी लिहिलं, आता एकदा डोळ्यांनी बघते. चेहरा उतरला होता त्यांचा. त्या पिवळ्या स्कार्फने डोळे पुसत होत्या. धुळीने असतील, कोण जाणे."

---

पूर्वेच्या इमारतीत शिरल्यावर भाऊजींना प्रसन्न वाटलं. लॉबीत गालिचा, कोपऱ्यात चहाचं यंत्र, त्याच्याशेजारी लाल पट्ट्याच्या कपांची उतरंड. भिंतीवर झळकणारी पाटी: अपघाताविना इतके दिवस. आकडा चार अंकी होता. खाली दुसरी पाटी, पंखा वर्षभर अखंड चालू.

पूर्वेचे मॅनेजर गोड बोलणारे होते. मोजणीबाईंबद्दल त्यांनी मनापासून हळहळ व्यक्त केली. त्या दिवशी त्या आपल्याकडे तळघरात उतरल्याच नाहीत, असं ते म्हणाले. उतरण्याचं काही कारणही नव्हतं, सगळे आकडे दर महिन्याला वरच त्यांच्या हातात दिले जात.

पंख्याची खोली बघायला मिळेल का, असं वहिनींनी विचारलं. ते जरा थबकले, मग स्वतः घेऊन गेले.

खोली तशीच, पेटी तशीच, शिडी तशीच. पंख्याची घरघर मात्र पश्चिमेपेक्षा मोठी आणि दमेकऱ्याच्या श्वासासारखी होती. कोपऱ्यांत, पाइपांवर, पेटीच्या माथ्यावर धूळ लोकरीसारखी चढली होती. शिडीच्या पायथ्याशी फरशी चकचकीत होती. ते पाहून भाऊजींना बरं वाटलं. निदान एवढं तरी पुसतात.

ते सवयीने शिडी चढले आणि दार ओढू लागले. दार हलेना. दोन्ही हातांनी ओढलं तेव्हा बोटभर फट पडली, शीळ वाजावी तसा आवाज झाला आणि दार हातातून निसटून धाडकन बसलं. भाऊजींचा तोल गेला; वहिनींनी खालून त्यांचा पाय धरला म्हणून ते सावरले.

"जाड झालात," वहिनी म्हणाल्या.

"दार जड आहे."

"जरा पंखा थांबवता येईल का?" वहिनींनी विचारलं.

मॅनेजर हसले. "तेवढं मात्र सांगू नका. एकदा थांबला की थांबल्याचा आकडा लागतो. वर्षभर नाही थांबलेला."

वर आल्यावर जिन्याच्या तोंडाशी पूर्वेचा मुकादम भेटला. रिकामी कचरागाडी ढकलत होता. वहिनींनी त्याला सहज विचारावं तसं विचारलं, कचरा रोज कुठे नेता. तो मॅनेजरांच्या पाठीकडे बघत म्हणाला की नेतो खाली. मॅनेजर पुढे निघून गेल्यावर भाऊजींनी त्याला तंबाखूची डबी दिली, आणि तो सैलावला. साहेब कडक आहेत पण मनाने चांगले, असं त्याने सांगितलं. मोजणीबाई गेल्या त्याच संध्याकाळी साहेब स्वतः म्हणाले होते, आज तू लवकर घरी जा, भरलेली गाडी राहू दे.

"मग सकाळी तुम्हाला दुप्पट काम पडलं असेल," वहिनी म्हणाल्या.

"नाही ना. सकाळी गाडी रिकामी होती. धुतलेली पण होती."

रस्त्यावर आल्यावर भाऊजी म्हणाले की मॅनेजर असावा तर असा.

वहिनी थांबल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"भाऊजी, तुम्ही नसता तर माझं कसं झालं असतं, कोण जाणे," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात आनंद मात्र नव्हता.

---

दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या पंख्याच्या खोलीत गर्दी झाली. फौजदार होते, मालक होते, सुजलेल्या गालाच्या मॅनेजरबाई होत्या, पूर्वेचे मॅनेजर होते. पश्चिमेच्या मॅनेजरला फौजदारांनी सोबत आणलं होतं. त्याची बायको दाराशी उभी होती. पंख्याच्या घरघरीमुळे वहिनींना जरा मोठ्याने बोलावं लागलं, आणि मोठ्याने बोलणं त्यांना आवडत नसे.

"मोजणीबाईंच्या पाठीला धुळीचा थर होता," त्यांनी सुरुवात केली. "पश्चिमेच्या खोलीत मी बोट फिरवलं, बोट स्वच्छ राहिलं. जाळ्या नुकत्याच धुतलेल्या. तिथे लोळलं तरी एवढी धूळ लागणार नाही. मधल्या इमारतीच्या तळघरात धूळ नाहीच, ओल आहे. म्हणजे ती धूळ या खोलीतली."

पूर्वेचे मॅनेजर म्हणाले की धूळ कुठेही लागू शकते.

"लागते. पण तुमच्या खोलीत सगळीकडे लोकरीसारखी धूळ आणि फक्त या शिडीखाली फरशी धुतलेली. सफाई करणारा माणूस कोपरे सोडेल, पण फक्त एवढाच तुकडा घासणार नाही. रक्त पश्चिमेला नव्हतं, कारण ते इथे सांडलं होतं."

मालकांनी खाली पाहिलं आणि आपले बूट मागे घेतले.

"त्यांना कोणी मारलं नाही," वहिनी पुढे म्हणाल्या. "पश्चिमेच्या कचऱ्यात त्यांना लाल पट्ट्याचे कप दिसले. पश्चिमेत कागदी कप नाहीत. पूर्वेचा कचरा रोज या बोळातून पश्चिमेला जात होता आणि पश्चिमेच्या नावावर तोलला जात होता, हे त्यांना तेव्हा कळलं. कचरा खोटा तर बाकीचे आकडे कसे आहेत ते बघायला त्या इथे आल्या. जाळ्या बघायला शिडी चढल्या. काल भाऊजी चढले तसंच. बाहेरची जाळी तुंबलेली असली की पंखा हवा कुठून ओढणार? पेटी आतून ओढून धरते. दार उघडत नाही, आणि उघडलंच तर हाताला हिसका देऊन बसतं. भाऊजींना मी धरलं. त्यांना धरायला कोणी नव्हतं."

भाऊजी नकळत शिडीपासून दूर सरकले.

"मग ती पश्चिमेला कशी गेली?" फौजदारांनी विचारलं.

"पूर्वेचा कचरा जातो तशीच. गाडीतून. त्या संध्याकाळी मुकादमाला लवकर घरी पाठवलं, गाडी भरलेली होती. सकाळी ती रिकामी आणि धुतलेली मिळाली. मॅनेजर दयाळू असतील, पण म्हणून ते स्वतः कचरा टाकून गाडी धुतील, असं मला वाटत नाही."

"हे सगळे तर्क आहेत," पूर्वेचे मॅनेजर म्हणाले. आवाज अजून गोडच होता. "त्या इथे आल्याच नव्हत्या."

"दुपारी त्यांच्या गळ्यात पिवळा स्कार्फ होता. पश्चिमेच्या मॅनेजरांनी पाहिला, मॅनेजरबाईंनी बोळात पाहिला. सापडल्या तेव्हा अंगावर नव्हता. फौजदारसाहेबांनी सांगितलेल्या वस्तूंत तो नाही. दार बोटभर उघडलं तर शीळ वाजते एवढी ओढ. सैल स्कार्फ फटीतून आत गेला असणार. तुम्हाला तो आठवला असता तरी काढता आला नसता. त्यासाठी पंखा थांबवावा लागला असता." त्या मालकांकडे वळल्या. "थांबवायला सांगा."

मालकांनी मान हलवली. पूर्वेच्या मॅनेजरांनी हात पुढे केला, जणू बटण झाकायला. फौजदारांनी तो हलकेच बाजूला केला आणि खटका पाडला.

घरघर हळूहळू उतरत गेली. शेवटचा श्वास सोडावा तसा पंखा थांबला. खोलीत एवढी शांतता पसरली की बोळातल्या पाइपांतलं पाणी ऐकू येऊ लागलं. मग पेटीच्या आत काहीतरी मऊ, सावकाश घसरून पडलं.

फौजदारांनी शिडी चढून दार उघडलं. या वेळी ते एका बोटाने उघडलं. त्यांनी आत हात घालून एक करडी चिंधी बाहेर काढली आणि झटकली. आत ती पिवळी होती.



"मला वाटलं, त्या गेल्या," पूर्वेचे मॅनेजर शेवटी म्हणाले.

"नाडी बघितलीत?"

वर लॉबीत चार अंकी आकडा आहे, तो कोणी बघत नाही असं लोकांना वाटतं, पण आपण रोज सकाळी आल्यावर आधी तोच बघतो, असं काहीतरी ते पुटपुटले. मग एकदम मालकांकडे वळून म्हणाले, "माणूस जिथे सापडतो, अपघात त्या इमारतीच्या नावावर लागतो. तो नियम मी केलेला नाही."

मालकांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पश्चिमेचा मॅनेजर पहिल्यांदाच बोलला. "त्या जिवंत होत्या," तो म्हणाला. "मी चौथ्या मजल्यावर नळ दुरुस्त करत होतो आणि त्या माझ्या तळघरात जिवंत होत्या." बायकोने येऊन त्याचा दंड धरला.

---

काही दिवसांनी वहिनी आणि भाऊजी पश्चिमेच्या इमारतीत गेले. बाईंनी बोलावलं होतं. आज हे कामावर परत येतायत, तुम्ही असलात तर बरं वाटेल, असा निरोप होता.

लॉबीत प्लंबर, वायरमन, झाडूवाले सगळे धुतलेले कपडे घालून ओळीने उभे होते. मॅनेजर आत आला, एकेकाच्या खांद्यावर हात ठेवत पुढे सरकला आणि पाटीसमोर थांबला.

पाटीवर खडूने मोठं शून्य काढलं होतं.

"तक्रारी कुठे गेल्या?" त्याने विचारलं.

प्लंबर लाजत हसला. साहेब नव्हते तेव्हा सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. लोकांना सांगितलं, लिहून देऊ नका, नुसतं आमच्या कानावर घाला, जमेल तसं करू. मालकांनी नवा मोजणीदार नेमला होता. नियम तेच होते, महिनाअखेरही तीच. आदल्या दिवशी तो येऊन गेला आणि म्हणाला, पश्चिमेचा पहिला नंबर येणार.

"तुम्ही परत याल तेव्हा आपण सगळे इथेच असायला हवं होतं ना," प्लंबर म्हणाला.

पाटीच्या खाली, भिंतीला लागून एक बादली ठेवली होती आणि छतातून तिच्यात पाणी ठिबकत होतं. मॅनेजरने वर पाहिलं. छतावर ओलीचा मोठा डाग पसरला होता. मग त्याने ओळीकडे पाहिलं, एकेका चेहऱ्याकडे. खडू पाटीच्या कडेवरच होता. त्याने तो उचलला, बोटांत फिरवला.

वहिनींनी श्वास रोखला होता, हे भाऊजींच्या लक्षात आलं नाही.

मॅनेजरने खडू परत जागेवर ठेवला. पायाने बादली हळूहळू सरकवत नेली आणि कोपऱ्यातल्या कुंडीच्या मागे, कोणाला दिसणार नाही अशी ठेवली. पाणी आता नुसत्या फरशीवर पडू लागलं. एक झाडूवाला पुढे झाला आणि फडकं घेऊन तिथेच उभा राहिला.

"सगळं ठीक झालं म्हणायचं," भाऊजी बाहेर येताना म्हणाले.

वहिनींनी त्यांच्या हातातली पिशवी घेतली आणि चालू लागल्या.